डाव्या हातचा मळ

सांगलीत राहून ‘गाण्यातलं आपल्याला काही कळत नाही’ असं म्हणायची सोय नाही. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली इथं मराठी नाटक उभं केलं, तेव्हापासून गावाला नाट्यपंढरीचा मान. त्यात हाकेच्या अंतरावर मिरज. मिरजेत अब्दुल करीम खाँसाहेब राहिले, मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. या सगळ्याचा परिणाम असा की आमच्या विश्रामबागेतल्या सोसायटीत वॉचमनपासून चेअरमनपर्यंत प्रत्येकाला सूर कळतो. निदान दुसऱ्याचा चुकलेला तरी नक्की कळतो. अशा जागी, पंचेचाळिशी उलटल्यावर, कुणाला एक रुपया फी न देता, मोबाईलवर बघून पियानो शिकायचं मी मनावर घेतलं.

खरा पियानो म्हणजे ८८ पट्ट्या, त्यात ५२ पांढऱ्या आणि ३६ काळ्या. आत तारा, आणि त्या तारांवर आपटणारे हातोडे. हे यंत्र साधारण १७०० च्या सुमारास इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये क्रिस्तोफोरी नावाच्या कारागिरानं बनवलं, आणि बनवताना त्यानं आमच्या लिफ्टचा विचार केला नव्हता. म्हणून मग ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड, तोही सेकंडहँड. स्टँडचे पैसे वेगळे पडतात असं कळल्यावर तो इस्त्रीच्या टेबलावर विराजमान झाला. तेव्हापासून घरातले शर्ट गादीवर इस्त्री होतात, आणि कॉलर नीट बसली नाही की ही बीथोवेनच्या नावानं बोटं मोडते.

फुकटातले गुरू मात्र पैशाला पासरी. पहिला म्हणतो, आधी नोटेशन वाचायला शिका, नाहीतर जन्मभर लंगडे राहाल. दुसरा म्हणतो, नोटेशनच्या वाटेला जाल तर कंटाळून सोडाल. तिसरा तोंडानं काहीच बोलत नाही. त्याच्या पडद्यावर वरून रंगीत काड्या पडत राहतात, काडी खाली टेकली की ती पट्टी दाबायची. या सगळ्यांचं एकमत फक्त एका गोष्टीवर आहे: मनगट सैल सोडा. मी सोडलं. मनगटाबरोबर बोटंही सैल पडली.

यातले एक गोरे आजोबा माझ्या विशेष आवडीचे. फार मायाळू. ‘वा, किती छान वाजवलंत!’ असं ते प्रत्येक धड्याच्या शेवटी म्हणतात. एकदा ते असं म्हणाले तेव्हा मी स्वयंपाकघरात उतू जाणाऱ्या दुधाखालचा गॅस बंद करत होतो. शिवाय धडा फुकट असला तरी जाहिरात चुकत नाही, आणि ती नेमकी दोन्ही हात एकत्र येणार त्याच क्षणी येते. माझ्या वाट्याला गुडघेदुखीच्या तेलाची येते. मी कीबोर्डसमोर किती वेळ बसतो ते मोबाईलला बरोबर माहीत आहे.

पण खरं दुखणं गुडघ्यात नाही, डाव्या हातात आहे.

आमच्या घरात आजोबांपासून पेटी. पेटीत सूर उजव्या हाताचे आणि भाता डाव्या हाताचा. म्हणजे तीन पिढ्या आमच्या डाव्या हातानं फक्त वारा घातलाय. एरवीही त्याला कोण विचारतं? लिहायला तो नाही, जेवायला नाही, प्रसाद घ्यायला तर नाहीच नाही. पुढे केला तर गुरुजी डोळे वटारतात. आणि आता अचानक त्याला म्हणायचं, ये रे बाबा, तूही गा. बावरणारच तो.

बरं, दोन्ही हातांना एकच काम असतं तरी निभावलं असतं. साधं सरळ सप्तक घ्या. उजवा हात अंगठ्यानं सुरू होतो, डावा करंगळीनं. उजव्या हातानं सा-रे-ग तीन बोटांत वाजवले की अंगठा हळूच तिसऱ्या बोटाखालून काढून मध्यमावर ठेवायचा. त्या वेळी डाव्यानं काही करायचं नाही, मुकाट्यानं चालत राहायचं. त्याची बोटं पंचमावर संपतात, आणि मग त्याचं मधलं बोट अंगठ्यावरून उडी मारून धैवतावर. उजवा मध्यमावर वळतो, डावा धैवतावर. माझे दोघेही मध्यमावरच वळतात, आणि तिथं पुढचे सूर अडकतात. कृष्णेला पाणी आल्यावर आयर्विन पुलाच्या दोन्ही तोंडांना गाड्या खोळंबतात, तसे.

नोटेशनचंही तेच. दोन हातांना पाच-पाच रेघांचे दोन वेगळे संसार. वरच्या संसारात सगळ्यात खालची रेघ म्हणजे ‘ई’, खालच्या संसारात तीच रेघ ‘जी’. का, तर सुरुवातीला काढलेलं वेटोळं वेगळं. आपल्या भातखंडे पद्धतीत सा असेल तिथं सरळ ‘सा’ लिहितात, मंद्रातला असेल तर खाली टिंब, तारातला असेल तर वर. माणूस वाचतो आणि गातो. इथं आधी रेघा मोजायच्या. कागदाचे प्रिंट काढून लावले तर पंखा ते उडवतो आणि पंखा बंद केला तर सांगलीचा एप्रिल. शेवटी वाळत घातलेल्या कपड्यांचे चिमटे काढून आणले. त्यावरूनही घरात बोलणं झालं, ते इथं देत नाही.

आमच्या बरोबर खालच्या मजल्यावर अण्णा राहतात. साखर कारखान्यातून निवृत्त झालेले, भजनी मंडळात पेटी वाजवणारे. एके दिवशी जिन्यात गाठलं.

“काय ओ, वर काय वाजवायलाय हल्ली?”

“पियानो शिकतोय, अण्णा.”

“शिका की. पण गंधार चढा लागतोय तुमचा.”

“तो कंपनीतूनच तसा येतो, अण्णा.”

ही थाप नव्हती. पियानोत सप्तकाचे बारा सारखे तुकडे पाडलेले असतात. सुरेल तंबोऱ्यातून जो स्वयंभू गंधार आपोआप ऐकू येतो, त्याच्याशी हा हिशेबातला गंधार जुळत नाही. एका अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले तर चौदा भाग चढाच लागतो. आता गंमत बघा. हे चौदा भाग अण्णांना खालच्या मजल्यावरून, पंखा आणि मिक्सर चालू असताना, ऐकू येतात. आणि माझ्या गोऱ्या आजोबांना माझा अख्खा डावा हात ऐकू येत नाही.

अण्णांचा राग वेगळाच होता. “आमच्या पेटीला १९४० साली आकाशवाणीनं दार लावलं, ते १९७१ पर्यंत उघडलं नाही. का, तर म्हणे पेटीत मींड निघत नाही. मग ह्याच्यात निघतीय होय?” निघत नाही. एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जायची ती मींड, सुट्या पट्ट्यांवर कुठली निघायला? मी कबूल केलं, तेव्हा कुठं त्यांनी जिना मोकळा केला.

मग मी हेडफोन आणले. हेडफोनमुळे सूर फक्त माझ्या कानात राहिले. पण पट्ट्यांची ठकठक टेबलाच्या पायांतून थेट अण्णांच्या छतात उतरली. आधी निदान सूर तरी होता, आता नुसतेच खिळे ठोकताय, असा निरोप आला. पायाशी असलेल्या पेडलची तक्रार आणखी वेगळी: ते फरशीवरून सरकत सरकत सोफ्याखाली जातं, आणि मी वाजवताना पाय लांबवत लांबवत खुर्चीवरून निम्मा खाली आलेला असतो. शेवटी त्यामागे वरवंटा लावला. पेडल थांबलं, चटणी थांबली.

सगळ्यात मोठा अपमान मात्र डेमोच्या बटणानं केला. ते दाबलं की कीबोर्ड आपला आपणच वाजतो. हिच्या माहेरची मंडळी आली होती. मी आदल्या रात्री घोटून ठेवलेली बीथोवेनच्या ‘फ्युर एलिझ’ची सुरुवात वाजवली. हीच ती १८१० सालातली, जी प्रत्येक नवशिका पहिल्या आठवड्यात वाजवायला घेतो. मेव्हणा उठून खिडकीशी गेला. खाली टेम्पो रिव्हर्स घेतोय असं त्याला वाटलं. मी चहा सांगायला आत गेलो तेवढ्यात मुलीनं डेमो दाबला. बाहेर आलो तर सासूबाई पदरानं डोळे टिपत होत्या. “जावईबापू, हात बसला हो तुमचा! आतून कसं वाजवलंत?” मी नमस्कार केला. वडीलधाऱ्यांना दुखवू नये.

बघता बघता देवळात चोर गणपती बसला, म्हणजे चतुर्थी चार दिवसांवर आली. आणि त्याच सुमाराला अण्णांच्या पेटीचा भाता उंदरानं कुरतडला. पेटी मिरजेला दुरुस्तीला गेली, आणि चेअरमन, सेक्रेटरी आणि अण्णा असं शिष्टमंडळ आमच्या दारात आलं. सोसायटीच्या आरतीला साथ कोण करणार? तिसऱ्या मजल्यावरचा पियानो.

“सूर कुठला देणार?” अण्णांनी विचारलं.

“पांढरी एक.” मला दुसरी येतच नव्हती.

“त्यात बायकांनी गायचं कसं ओ?”

मी ट्रान्सपोज नावाचं पट्टी बदलायचं बटण दाबून बोटं न हलवता काळी चार काढून दाखवली. अण्णांनी डोळे मिटून घेतले. पण पेटी मिरजेत होती आणि गणपती दारात.

मग मी डाव्या हाताचं सगळं सांगितलं. उजव्यानं चाल निघेल, पण डावा अजून सोबत येत नाही; आणला तर दोघेही पडतील. चेअरमन गंभीर झाले. अण्णांनी मात्र एकदा माझ्या डाव्या हाताकडे नीट पाहिलं.

“म्हणजे तो मोकळाच आहे न्हवं?”

“मोकळाच.”

“मग घंटा धरा.”

आरत्या पार पडल्या. गंधार यंदाही चढाच होता असं अण्णांचं म्हणणं. पण घंटा, तेही कबूल करतात, एकदाही लय चुकली नाही.