भाकरीच्या बदल्यात बाप्तिस्मा?

'अमेरिकेतली चर्चं उपऱ्यांच्या वस्तीत मदत करतात ती फक्त धर्मांतरासाठी. खायला घालायचं, गप्प बसवायचं, आपल्यात ओढायचं.' हा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर बरेच दिवस फिरतो आहे. 'सगळी चर्चं' म्हटलं की काही तपासता येत नाही. म्हणून एकच घेऊ: लॉस एंजेलिसच्या लिंकन हाइट्समधलं 'चर्च ऑफ द एपिफनी'. १८८७ साली सुरू झालेलं, एपिस्कोपल पंथाचं. मुंबईतल्या फोर्टमधलं सेंट थॉमस कॅथीड्रल ज्या अँग्लिकन परंपरेतलं, तिचीच ही अमेरिकी शाखा.

आधी धर्मांतर. १९६०च्या दशकात या भागात मुख्यतः मेक्सिकन वंशाची कुटुंबं राहत होती, आणि ती बहुतांशी कॅथलिक. त्यांना ख्रिस्ती काय करणार, ती होतीच! पंथ बदलून घेता येतो, हे खरं. पण पंथच वाढवायचा असता, तर तळघर 'ला रासा'ला कशाला दिलं असतं? १९६७ साली निघालेलं हे मेक्सिकन वंशाच्या लोकांच्या हक्कांच्या चळवळीचं वर्तमानपत्र तिथेच तयार होई, आणि त्यात पोलिसांच्या दंडेलीच्या आणि शाळांमधल्या दुजाभावाच्या बातम्या असत.

'गप्प बसवायचं' हे तर सपशेल उलट आहे. इथले पाद्री जॉन लूस तरुणांना संघटित करायला मदत करत होते. 'ब्राउन बेरेट्स' ही मेक्सिकन वंशाच्या तरुणांची लढाऊ संघटना उभी राहिली त्यात त्यांचा हात होता. शेतमजुरांचे नेते सेझर चावेझ यांच्या सभाही या चर्चमध्ये झाल्या. मार्च १९६८ मध्ये ईस्ट लॉस एंजेलिसमधल्या शाळांची हजारो मुलं वर्ग सोडून रस्त्यावर आली. द्वैभाषिक शिक्षण हवं, आमचा इतिहास शिकवा, मेक्सिकन वंशाचे शिक्षक नेमा, या त्यांच्या मागण्या. त्यातली लिंकन हायस्कूल तर याच वस्तीतली. तिथले शिक्षक साल कॅस्ट्रो यांच्यासह १३ जणांवर कटाचा खटला भरला गेला, पुढे तो न्यायालयात टिकला नाही. वस्ती गप्प राहावी असं वाटणारं चर्च असल्या माणसांना दारात उभं करत नाही.

'उपरे' या शब्दाबद्दल एवढंच, की १८४८ पर्यंत लॉस एंजेलिस मेक्सिकोतच होतं.

मजकुरात तथ्य अजिबात नाही, असं मात्र नाही. आर्थर बेंटन यांनी आखलेली १९१३ची देखणी इमारत बांधली गेली ती गोऱ्या, इंग्रजी बोलणाऱ्या भाविकांसाठी. ते पांगल्यावर बाकं रिकामी पडली, म्हणूनही दारं उघडली असतील. शिवाय याच पंथाने मूळ अमेरिकी मुलांच्या निवासी शाळा चालवल्या, आणि तिथे त्या मुलांची भाषा नि श्रद्धा मोडून काढली गेली. आरोप करायचाच तर तिथे करा, पुरावा आहे. लिंकन हाइट्सच्या तळघरात तो सापडणार नाही.