त्या दिवशी रवळनाथाच्या देवळात एखादा शास्त्रज्ञ हवा होता

ऑगस्ट 2024. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातलं घाटाकडचं आमचं गाव, पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता, लाईट गेलेली. वायनाडला दरड कोसळली त्याच्या दुसऱ्या दिवशी, 31 जुलैला, पश्चिम घाटाच्या पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राचा केंद्र सरकारचा नवा मसुदा निघाला होता. सहा राज्यांतलं 56,825 चौरस किलोमीटर, हरकतींना 60 दिवस. देवळात एक पोरगा मोबाईलवर इंग्रजी पीडीएफ बोटानं सरकवत आपल्या गावाचं नाव शोधत होता.

गावात बातमी वेगळीच पोचली होती. घर बांधू देणार नाहीत, गाव उठवणार. शेजारचे आबा म्हणाले, "मास्तर, तुम्ही सायन्स शिकवतासा. आमची म्हसरं रानात सोडायची का नाही, तेवढं सांगा की."

मी मोबाईल घेतला आणि वाचून सांगत गेलो. बंदी खाणींना, वाळूउपशाला, जास्त प्रदूषण करणाऱ्या नव्या कारखान्यांना आणि 20,000 चौरस मीटरपासून पुढच्या बांधकामाला. म्हणजे जवळजवळ पाच एकर! आहे त्या घराची डागडुजी, वाढीव खोली, यांना मुभा. मसुदा मानायचा की नाही ते गावानं ठरवावं, पण आपण कशाला नाही म्हणतोय हे आधी कळायला नको का? गाव घाबरलं की खाणवाल्याचं फावतं.

पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळांनी हे आधीच ओळखलं होतं. पश्चिम घाटावरचा, 2011 साली दिलेला त्यांच्या समितीचा अहवाल केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयानं दाबून ठेवला. माहिती अधिकार आणि कोर्ट झाल्यावर तो मे 2012 मध्ये बाहेर आला. लोकांच्या भाषेत करा, ग्रामसभांपुढे ठेवा, हे ते सांगत राहिले. पुण्याचा माणूस, बंगळुरात भारतीय विज्ञान संस्थेत वर्षानुवर्षं शिकवलं आणि कारवारकडची रानं, खेडी पायी तुडवली. त्याही आधी, ताऱ्यांच्या अभ्यासाला समीकरण देणारे मेघनाद साहा दामोदर नदीच्या पुरांवर लिहीत होते, 1952 ला लोकसभेतही गेले.

आणि आपल्याकडे? एक प्राध्यापक मला म्हणाले, "रिपोर्ट दिला की आमचं काम संपलं." सरकारी नोकरीत तोंड उघडलं की नोटीस येते, हे मला कळतं. पण देवळाच्या पायरीवर बसून लोकांच्या मराठीत, कन्नडमध्ये चार प्रश्नांची उत्तरं देणं म्हणजे राजकारण, हे मी मानणार नाही. लोकांच्याच पैशावर शिकलोय आपण सगळे.

उठता उठता आबांनी आणखी एक विचारलं. "खाणीत सुरुंग लागायला लागल्यापासनं आमचा झरा शिमग्यालाच आटतोय. त्येच्यामुळंच काय?"

मला उत्तर देता आलं नाही. त्यासाठी खडक बघावा लागेल, दोन-तीन उन्हाळे पाणी मोजावं लागेल. बेळगावात भूशास्त्र शिकवणारं, शिकणारं कुणी हे वाचत असेल तर या. झऱ्यापर्यंत मी घेऊन जातो. शेवटचा किलोमीटरभर चालावं लागतं, आणि आबा आपल्याबरोबर येतील.