सहावा टप्पा म्हणजे सर्वाधिक मृत्यू? नाही!

फ्लूच्या महामारीचे सहा टप्पे दाखवणारा एक मेसेज पुन्हा फिरतोय. त्यात म्हटलंय: टप्पा जितका वरचा, तितका विषाणू जीवघेणा, साथ एकेक पायरी चढतच सहाव्यावर जाते, आणि २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने व्याख्या बदलून महामारी ‘घडवली’.

पहिल्या दाव्यानं सर्वांत जास्त नुकसान होतं. टप्पे मोजायचे ते विषाणूचा फैलाव. तो किती जीव घेतो हे नव्हे. माणसांत तुरळक रुग्ण किंवा लहान गट, पण सलग संसर्ग नाही: तिसरा टप्पा. वस्तीत साथ पसरवण्याइतका माणसाकडून माणसाला संसर्ग: चौथा. संघटनेने जगाचे जे भौगोलिक विभाग पाडलेत, त्यांतल्या एकाच विभागातल्या किमान दोन देशांत तशी साथ: पाचवा. दुसऱ्या विभागातल्या एखाद्या देशातही: सहावा. यात मृत्यूंचा उल्लेखच नाही. बर्ड फ्लूच्या एच५एन१ ने नोंदलेल्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक दगावत होते, तेव्हा जग तिसऱ्या टप्प्यावर होतं. २००९ च्या स्वाइन फ्लूत बहुतेक रुग्ण उपचारांशिवाय बरे झाले, आणि टप्पा होता सहावा. ‘तिसराच तर आहे’ म्हणून निर्धास्त होणारा माणूस इथेच फसतो.

पायऱ्यांचं म्हणाल तर तेही चूक. २००९ मध्ये २७ एप्रिलला चौथा जाहीर झाला, २९ ला पाचवा, ११ जूनला सहावा. नवा विषाणू ओळखू आला तेव्हाच तो माणसांत पसरत होता. पहिला-दुसरा टप्पा बघायला मिळालाच नाही.

व्याख्येच्या आरोपात थोडं तथ्य आहे, ते मान्य करायला हवं. संघटनेच्या वेबसाइटवर महामारीचं वर्णन करताना प्रचंड मृत्यू व आजारपणाचा उल्लेख होता, आणि तो मे २००९ मध्ये काढला गेला. त्यानं संशय वाढला, आणि तो वाढणारच होता. पण टप्प्यांच्या निकषांत तीव्रतेची अट संघटनेच्या २००५ च्या महामारी-तयारीच्या आराखड्यातही नव्हती. २००९ च्या महामारीतल्या संघटनेच्या कामाचा आढावा घेणाऱ्या, हार्वे फाइनबर्ग यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीला २०११ मध्ये गैरप्रकाराचा पुरावा सापडला नाही. टप्प्यांची रचना मात्र विनाकारण गुंतागुंतीची असल्याचं तिनं स्पष्ट सांगितलं.

आणि मेसेजमधला तो तक्ताच जुना आहे. २०१३ पासून संघटना चारच अवस्था मानते: दोन महामाऱ्यांमधला काळ, सतर्कता, महामारी, आणि महामारी ओसरण्याचा काळ. जगाची अवस्था काहीही असो, प्रत्येक देशानं आपल्याकडचा धोका स्वतः जोखून पावलं उचलावीत, अशी ती रचना आहे.