तीन रिआलांचं औषध: एका प्रतिक्रियेला उत्तर

इतकी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल आधी आभार. स्पॅनिश कादंबऱ्यांमधल्या दुःखावरच्या उपायांबद्दल मी लिहिलेला लेख तुम्हाला पटला नाही. तुमचे आक्षेप थोडक्यात असे: सर्व्हांतेसच्या ‘डॉन किहोटे’ या कादंबरीमधला जादुई मलमाचा प्रसंग निव्वळ हसवण्यासाठी आहे, त्यात पैशाचं राजकारण शोधणं म्हणजे आजचा चष्मा त्या काळाला लावणं, त्या काळचा स्पॅनिश माणूस देवावर हवाला ठेवून जगणारा होता, आणि सगळेच उपाय फसतात, म्हणजे लेखकांना ‘सोसा’ एवढंच सांगायचं आहे.

प्रसंग विनोदी आहे, वादच नाही. पण चष्मा माझा नाही, किहोटेचा सेवक सांचो याचा आहे. 1605 च्या पहिल्या भागात स्वतःला सरदार समजणारा किहोटे फिएराब्रासच्या मलमाचं गुणगान करतो, दोन तुकडे झालेला माणूसही त्याने जुळतो म्हणतो. त्यावर सांचो काय म्हणतो? कबूल केलेलं बेटाचं राज्य राहू द्या, मला कृती द्या. लगेच खर्च विचारतो. तीन रिआलांच्या (रिआल म्हणजे तेव्हाचं स्पॅनिश नाणं) आत सहाएक लिटर होईल म्हटल्यावर, औंसाला दोन रिआलांहून जास्तच भाव येईल हा त्याचा हिशेब आधीच झालेला असतो. पुढे खाणावळीत तेल, वाइन, मीठ आणि रोझमेरी उकळून, वर ऐंशीच्या वर प्रार्थना पुटपुटून ते औषध तयार होतं. किहोटेला ओकारी होते, घाम फुटतो, तीन तास झोप लागते आणि तो टुणटुणीत उठतो. सांचोची मात्र दोन्हीकडून वाताहत. किहोटेच्या मते कारण काय, तर तू सरदार नाहीस, औषध तुमच्यासारख्यांसाठी नाही! औषधालाही माणसाची पायरी कळते. (सर्व्हांतेसचे वडील शल्यवैद्य होते. औषधपाण्याची थट्टा त्याला घरातूनच सुचली असावी, असा माझा आपला तर्क.)

आता त्याच कादंबरीतला आंद्रेस. मूळ लेखात त्याला एकच ओळ मिळाली होती, म्हणून इथे जरा सावकाश. पंधराएक वर्षांचा हा मेंढपाळ झाडाला बांधलेला आहे आणि मालक त्याला चामड्याच्या पट्ट्याने फोडून काढतोय. किहोटे मध्ये पडतो आणि थकलेल्या पगाराचा हिशेब करायला लावतो. नऊ महिने, महिना सात रिआल. मालक म्हणतो, त्यातून तीन जोड बुटांचे पैसे वजा करा, आणि पोरगा आजारी असताना दोनदा रक्त काढवलं त्याचा एक रिआल. म्हणजे पोराच्या दुखण्यावरचा इलाजही पोराच्याच खात्यावर! किहोटेचं उत्तर झकास आहे: न्हाव्याने आजारपणात रक्त काढलं, तू धडधाकट असताना काढलंस, फिट्टंफाट. मग मालकाकडून शपथ घेऊन स्वारी निघून जाते. घोडा नजरेआड होताच पोराला पुन्हा बांधलं जातं आणि तो मरायला टेकेपर्यंत मार बसतो. पुढे सत्तावीस अध्यायांनी तो भेटतो तेव्हा थेट रुग्णालयातून आलेला असतो. त्याचं मागणं एकच: पुन्हा कधी माझे तुकडे होताना दिसले, तरी कृपा करून मदतीला येऊ नका. भीक नको पण कुत्रं आवर. हे तुम्हाला निव्वळ हसवण्यासाठी लिहिलेलं वाटतं?

देवावरच्या हवाल्याबद्दल. 1554 च्या ‘लाझारियो’ या निनावी कादंबरीत लाझारियो हा पोरगा ज्याच्याकडे चाकरीला असतो तो आंधळा भिकारी वांझ बाईसाठी, बाळंतिणीसाठी, नवरा प्रेम करत नसेल तर त्यासाठी, अशा वेगवेगळ्या प्रार्थना विकतो. तोच आंधळा वाइनची सुरई पोराच्या तोंडावर फोडतो, त्याचे दात पाडतो, आणि मग त्याच वाइनने जखमा धुताना हसत म्हणतो की ज्याने तुला दुखवलं तेच तुला बरं करतंय. पाचव्या प्रकरणात तर चर्चमध्ये खोटा चमत्कार घडवून पापांची माफीपत्रं खपवली जातात. 1559 मध्ये धर्मन्यायालयाच्या बंदीच्या यादीत हे पुस्तक गेलं. श्रद्धाळू लोक नव्हते असं मी म्हणत नाहीच. पण श्रद्धेचा बाजार कोण मांडतं हे त्यांच्यातल्याच कुणीतरी लिहून ठेवलं, आणि स्वतःचं नाव न घालता.

आता ‘सोसा’. सोसायचंच असतं तर 1590 मध्ये खुद्द सर्व्हांतेसने अमेरिकेतल्या नोकरीसाठी राजाकडे अर्ज कशाला केला असता? तो फेटाळला गेला. 1613 च्या एका कथेत त्याने त्याच अमेरिकेला हताश झालेल्यांचा आसरा म्हटलं आहे: बहुतेकांची फसवणूक आणि मोजक्यांचा उपाय. केवेदो या लेखकाच्या कादंबरीचा भामटा नायक पाब्लोस तर शेवटी तिकडे निघतो आणि आणखीच खड्ड्यात जातो. पळसाला पाने तीनच.

आणि ‘डॉन किहोटे’च्या 1615 च्या दुसऱ्या भागातला 71 वा अध्याय राहिलाच. किहोटेची लाडकी दुल्सिनेआ हिच्यावरचा मंत्र उतरवायला सांचोने स्वतःला 3300 फटके मारायचे आहेत. तो फटक्याला पाव रिआल मागतो आणि एकूण 825 रिआलांचा हिशेब तोंडी करून दाखवतो. रात्री किहोटे बाजूला बसून जपमाळेवर फटके मोजतो. सहा-आठ फटक्यांतच सांचोला सौदा स्वस्तात गेला असं वाटतं, दर दुप्पट होतो, आणि मग तो पाठ सोडून झाडांना झोडपायला लागतो, वर मधूनमधून काळीज पिळवटणारे उसासेही टाकतो. कित्येक झाडांच्या साली निघतात. याला सोसणं म्हणत असाल, तर आपले मतभेद राहू देत.