उपाशी पोटी पहिलवानकी

विद्यार्थी मित्रहो, कॉलेज सुरू झालं म्हणजे तुमचा फिटनेसही सुरू झालाच असणार. त्यासाठी एका केमिस्ट्रीच्या मास्तरकडून थोडं मार्गदर्शन. मागितलं कुणी नाही, पण न मागता सल्ला द्यायचा नाही तर पुण्यात राहायचं कशाला?

सगळ्यात आधी जिमची वर्षभराची फी एकदम भरा. पहिला आठवडा रोज जा, पुढे रीलपुरतं गेलं तरी चालतं. पायांचा व्यायाम नको. फोटो कमरेच्या वरचेच काढायचे असतात.

जिम दुसऱ्या मजल्यावर असेल तर लिफ्टनेच जावं.

हनुमान टेकडी, वेताळ टेकडी, पर्वती यांच्यापासून लांब राहा. एक तर फुकट, त्यात पर्वतीच्या शंभरावर पायऱ्या सत्तरीतले आजोबा पहाटे गप्पा मारत चढतात. त्यांच्यादेखत धाप लागली तर उरलीसुरली जायची. सिंहगड चालेल. रविवारी, बाइकवरून, थेट पार्किंगपर्यंत. वर पिठलं-भाकरी, दोन प्लेट कांदाभजी, मटक्यातलं दही, आणि स्टोरीला ‘ट्रेक डन’.

मेसचे पैसे महिन्याच्या सुरुवातीला भरा आणि जेवायला जाऊ नका. तिथे पोळी असते, भात असतो, म्हणजे कार्ब्स. रात्री बारानंतरच्या चीज मॅगीत आणि बन मस्क्यात ते नसतात.

रविवारी रात्री मेस बंद. त्यावर मी काही बोलत नाही.

अंड्याचा बलक फेकून द्या. अंड्यातली निम्म्याच्या आसपास प्रथिनं त्यातच असतात, डी आणि बी-12 जीवनसत्त्वंही त्यातच. तरी फेका, आणि मग बी-12 च्या गोळ्या घ्या.

आता मुख्य दैवत: प्रोटीन पावडरचा डबा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 च्या आहारसूचनांमध्ये बॉडी बनवायला सप्लिमेंट घेऊ नका असं सांगितलंय, पण त्यांना काय कळतंय? त्यांच्या हिशेबाने साठ किलोच्या माणसाला दिवसाला 50 ग्रॅम प्रथिनं पुरतात. वजनं उचलणाऱ्याला थोडी जास्त लागतात, मान्य. तुमचा ट्रेनर 150 सांगतो. डबाही तोच विकतो, हा योगायोग.

परवा सकाळच्या प्रॅक्टिकलला असाच एक साधक ब्युरेट धरून उभा होता. उभ्या उभ्या खाली गेला. ब्युरेट फुटली, बॅग पडली, शेकरचं झाकण उडालं आणि आतलं कधीचं तरी चॉकलेट फ्लेवरचं दही माझ्या पँटवर. हायड्रोजन सल्फाइडच्या वासात उभी नोकरी काढलेला माणूस आहे मी, पण त्या वासाने माझ्याही डोळ्यांसमोर अंधारी आली. रिक्षात घालून दवाखान्यात नेला. डॉक्टरांनी विचारलं, काल काय खाल्लंस? म्हणे ब्लॅक कॉफी. इंटरमिटंट फास्टिंग चालू आहे, आणि सकाळी फास्टेड कार्डिओ, म्हणजे उपाशी पोटी धावाधाव. झोपला कधी? तीनला, मॅच होती. सलाइन लावलं तर आडवा पडल्या पडल्या मला विचारतो, “सर, याने फास्ट मोडेल का?”

तेवढ्यात त्याच्या आईचा फोन आला. मीच घेतला. लातूरकडची माउली. “सर, जेवतो ना हो तो वेळेवर?”

काय सांगू तिला? अरे गाढवांनो, बाप तिकडे सोयाबीन विकतो. शंभर ग्रॅमला साधारण 36 ग्रॅम प्रथिनं असलेलं सोयाबीन! पडत्या भावाने विकून तुम्हाला पैसे पाठवतो, आणि तुम्ही त्या पैशांची परदेशी पावडर आणून शेकरमध्ये नासवता? आई डब्यातून शेंगदाण्याचे लाडू पाठवते, ते रूममेट खातो. तो बरा आहे, चक्कर येऊन पडला नाही अजून.

जेवा की रे नीट! मेसची उसळ पातळ असते, माहितीय मला, खाल्लीय मी. दोन वाट्या जास्त घ्या, वाढप्याशी भांडा, पण खा. संध्याकाळी मोबाइल खोलीवर ठेवून टेकडी चढून या. रात्री झोपा. आणि जिमखाना फी दरवर्षी भरता ना? मग त्या हॉलचं कुलूप का निघत नाही, हे विचारायला या कधी ऑफिसात घोळक्याने. तिथे दाखवा ते दंड.

आणि पुढच्या प्रॅक्टिकलला कुणी रिकाम्या पोटी आलेलं दिसलं तर जर्नलवर सही मिळणार नाही. मग सबमिशनच्या आदल्या दिवशी स्टाफरूमबाहेर ताटकळत उभं राहायचं नाही.