मांजरीचं पिल्लू भेट द्यायचं? त्या मेसेजला माझं उत्तर

सुट्ट्या जवळ आल्या की एक मेसेज न चुकता फिरायला लागतो. यंदा मला तो तीन ग्रुपवर आला, एका ग्रुपवर तर दोनदा. टोपलीत बसलेलं, गळ्यात रिबीन बांधलेलं मांजरीचं पिल्लू, समोर दुधाची बशी आणि खाली मजकूर: मुलांना यंदा खेळणं नको, पिल्लू द्या. मांजर आपलं आपण बघतं. मुलांना जबाबदारी कळते. सुट्टीत सगळे घरी असतात, म्हणून आणायची हीच वेळ. जितकं लहान आणाल तितका लळा जास्त. आणि मांजर घराला जडतं, माणसाला नाही. नाहीच जमलं तर दुसरीकडे दिलं तरी त्याला काही वाटत नाही.

माझ्या घरी बरीच वर्षं मांजरं आहेत. सुट्ट्या संपल्यावर ‘आता तुम्हीच ठेवून घ्या’ म्हणत दारात आणून दिलेली पिल्लंही मी सांभाळली आहेत. त्यामुळे हा मेसेज वाचून मला गप्प बसवत नाही. मांजर पाळू नका असं मी कुणालाही सांगणार नाही. पण पिल्लू आणायचं की नाही हे घरातल्या मोठ्या माणसांनी एकत्र बसून आधी ठरवायचं असतं, आणि हा मेसेज नेमकं तेच टाळायला शिकवतो.

‘मांजर आपलं आपण बघतं’

मोठं मांजर अंग चाटून स्वच्छ ठेवतं, ठरलेल्या जागी शी-शू करतं, फिरायला न्यावं लागत नाही. एवढ्यावरून हा समज झालाय. पिल्लाची गोष्ट वेगळी. सहा महिन्यांचं होईपर्यंत त्याला दिवसातून तीन-चार वेळा खायला लागतं. लिटरचा ट्रे, म्हणजे शी-शूसाठी वाळूसारखा भुसा भरून ठेवलेला ट्रे, रोज साफ करावा लागतो, नाहीतर ते दुसरी जागा शोधतं आणि ती बहुतेक वेळा तुमची गादी असते. लसीकरण सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू होतं आणि सोळा आठवड्यांपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी पुढचा डोस असतो. जंतांचं औषध आणि रेबीजची लस वेगळी. मग नसबंदी. मादी चौथ्या महिन्यातही माजावर येऊ शकते आणि गाभण राहिली तर साधारण नऊ आठवड्यांत विते. म्हणजे या सुट्टीत आणलेलं पिल्लू पुढच्या वर्षीच्या सुट्टीआधी स्वतः आई झालेलं असू शकतं.

आणि हे सगळं किती वर्षांसाठी? घरात राहणारं मांजर बारा-पंधरा वर्षं सहज जगतं, वीसही गाठतं. सर्वांत जास्त जगल्याची नोंद असलेली क्रीम पफ नावाची अमेरिकेतली मांजर १९६७ मध्ये जन्मली आणि २००५ मध्ये गेली, म्हणजे ३८ वर्षं. ते टोक सोडून देऊ. पण आज आठ वर्षांच्या मुलाला दिलेलं पिल्लू म्हातारं होईल तेव्हा तो मुलगा शिक्षण संपवून कदाचित दुसऱ्या गावी असेल. मांजर तुमच्याकडेच असेल.

फोटोतली दुधाची बशीही काढून टाका. आईचं दूध सुटल्यावर बहुतेक मांजरांना दुधातली साखर पचेनाशी होते आणि पोट बिघडतं. प्यायला स्वच्छ पाणी हवं. ज्यांच्या घरी मांस-मासे शिजत नाहीत त्यांनी आणखी एक गोष्ट आधी समजून घ्यावी. मांजर पूर्ण मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन नावाचा घटक त्याच्या शरीरात पुरेसा तयार होत नाही, तो खाण्यातूनच मिळावा लागतो. तो कमी पडला तर हृदयाचा स्नायू दुबळा होतो, हे १९८७ मध्येच सिद्ध झालंय. पोळी-दूध, भात-दूध यावर मांजर वाढवणं म्हणजे त्याला हळूहळू आजारी पाडणं.

‘मुलांना जबाबदारी कळते’

हा मुद्दा ऐकायला सर्वांत गोड आणि माझा राग सर्वांत जास्त याच्यावर. आठ-दहा वर्षांचं मूल पाण्याची वाटी भरू शकतं, काठीला बांधलेलं पीस हलवून खेळवू शकतं, मोठ्यांच्या देखत ट्रेही साफ करू शकतं. पण पिल्लू सकाळपासून जेवलेलं नाही आणि नुसतं कोपऱ्यात बसलंय, हे त्याच्या लक्षात येईलच असं नाही. बोका पुन्हा पुन्हा ट्रेमध्ये जाऊन बसतो आणि लघवी होत नाही, म्हणजे मार्ग अडलाय आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यायला हवं, नाहीतर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो, हे मुलाला कुठून कळणार? ते मोठ्या माणसालाच कळायला हवं.

एकदा सुट्टी संपल्यावर एक बाई पिल्लू परत द्यायला आल्या. मागे नऊ-दहा वर्षांचा मुलगा उभा होता. आई आत बोलत होती तेव्हा तो मला हळूच म्हणाला, “मी दोन दिवस ट्रे साफ केला नाही ना, म्हणून.” त्याच्या हातून एक काम राहून गेलं आणि त्याची शिक्षा म्हणून त्याचं पिल्लू गेलं, एवढंच तो शिकला. मी त्याला समजावलं, पण त्याच्या चेहऱ्यावरून ते उतरलं नाही. मुलं शिकतात ती मोठ्यांना करताना पाहून. बाबा रोज रात्री न कंटाळता ट्रे साफ करतात हे पाहणारं मूल कधीतरी स्वतः ट्रेचं खुरपं हातात घेतं.

‘सुट्टीत सगळे घरी, हीच वेळ’

हे अर्धं खरं आहे. कुणाकडे जायचं नाही, कुणी यायचं नाही, घरात शांतता आहे, अशी सुट्टी असेल तर ती खरंच चांगली वेळ. पण सणाची सुट्टी तशी असते का? पाहुणे, मोठमोठ्याने बोलणं, दर पाच मिनिटांनी उघडणारं दार. नव्या पिल्लाला पहिले काही दिवस एकच लहान खोली, लपायला एखादं खोकं, ट्रे, पाणी आणि दोन-तीन ओळखीचे आवाज एवढंच हवं असतं. त्याला वीस जणांच्या मांडीवरून फिरवलं की ते घाबरून बोचकारतं, आणि मग ‘हे चावरं आहे’ असं ठरतं.

त्यात घरात एरवी नसलेल्या वस्तू. मांजराच्या जिभेवरचे काटे आतल्या दिशेला वळलेले असतात, त्यामुळे तोंडात गेलेला दोरा किंवा रिबीन त्याला सहज बाहेर टाकता येत नाही. ती आत जाते आणि आतडं चुण्या पडून गोळा होतं. त्याला शस्त्रक्रिया करावी लागते. मेसेजमधल्या फोटोत पिल्लाच्या गळ्यात तीच रिबीन आहे. फुलांच्या गुच्छातली लिली त्याहून वाईट. अंगावर पडलेले परागकण चाटले तरी मांजराची मूत्रपिंडं काही दिवसांत निकामी होऊ शकतात. चॉकलेट, कांदा, लसूण विषारीच. ताप आला म्हणून कुणी पॅरासिटॅमॉलचा तुकडा दिला तर तोही जीवघेणा. वरच्या मजल्यावर राहत असाल तर खिडक्या आणि बाल्कनीला जाळी आधी लावा. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या न्यूयॉर्कमधल्या एका अभ्यासात, पाच महिन्यांत एकाच दवाखान्यात उंचावरून पडलेली १३२ मांजरं आली होती. आणि सुट्टीच्या दिवशी प्राण्यांचा डॉक्टर मिळेलच असं नाही.

मग शाळा-ऑफिस सुरू होतं. दहा दिवस दहा माणसांत राहिलेलं पिल्लू अकराव्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटं. हा बदल त्याने कसा झेलायचा, याचा विचार त्या मेसेजमध्ये कुठेच नाही.

‘जितकं लहान, तितका लळा’

दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात माणसाचा हात लागला तर पिल्लू माणसाळतं, हे खरं. पण तो हात आई आणि भावंडं जवळ असताना लागायला हवा. किती जोरात चावलं की दुसऱ्याला दुखतं, हे ते भावंडांशी कुस्ती खेळूनच शिकतं. हेलसिंकी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये सुमारे ५,७०० मांजरांची माहिती तपासली. आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडलेल्या मांजरांमध्ये आक्रमकपणा जास्त दिसला, आणि पिल्लं चौदा आठवड्यांपर्यंत आईजवळ ठेवावीत अशी शिफारस त्यांनी केली. मांजरीण पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात. पण त्या प्रत्येक घरात ती स्वतः बरोबर असते.

लहान मुलं असलेल्या घराला मी तर दीड-दोन वर्षांचं मांजर सुचवते. स्वभाव कळलेला असतो, गडबड सहन होते की नाही ते आधीच दिसतं.

‘मांजर घराला जडतं, माणसाला नाही’

अमेरिकेतल्या ओरेगन स्टेट विद्यापीठाने २०१९ मध्ये पिल्लांना अनोळखी खोलीत ठेवलं, सांभाळणारी व्यक्ती थोडा वेळ बाहेर गेली आणि परत आली. जवळपास ६४ टक्के पिल्लं ती परत आल्यावर निवांत झाली, पुन्हा खोलीत फिरू लागली. तान्ही मुलं आईच्या बाबतीत वागतात तशीच. आपल्या माणसाचा आवाज मांजर परक्या आवाजातून ओळखतं, हेही प्रयोगांत दिसलंय. ‘दुसरीकडे दिलं’ हे शेवटी बऱ्याचदा ‘सोडून दिलं’ होतं. घरात वाढलेल्या पिल्लाला रस्ता कळत नाही, कुत्री कळत नाहीत.

आता दुसऱ्या बाजूचंही एक खोडायला हवं, कारण माझ्यासारखी माणसं तेही बेधडक पसरवतात: भेट दिलेली जनावरं हमखास टाकली जातात. तसं नाही. एएसपीसीए या प्राण्यांसाठी काम करणाऱ्या अमेरिकन संस्थेच्या २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत भेट मिळालेल्या कुत्र्या-मांजरांपैकी ८६ टक्के अजून त्याच घरात होती, आणि भेट अचानक मिळाली की आधी सांगून, याने मायेत फरक पडला नव्हता. पाहणी छोटी होती, तरी मी ती मान्य करते. ‘भेट’ या शब्दाशी माझं भांडण नाही. पण पिल्लू अचानक आणलं की घरातल्या कुणाला मांजराची ॲलर्जी आहे का, हे ते आल्यावरच कळतं. ती मांजराच्या लाळेतल्या आणि त्वचेतल्या प्रथिनामुळे होते, आणि मांजर गेल्यावरही ते प्रथिन महिनोन् महिने घरात उरतं. आधी दोन-तीनदा मांजर असलेल्या घरी जाऊन बसलं तर बराच अंदाज येतो. घरात कुणी गरोदर असेल तर मांजराच्या शीतून संसर्ग होऊ नये म्हणून ट्रे दुसऱ्याने, रोजच्या रोज साफ करायचा, एवढं ठरलं की त्या कारणाने मांजर घराबाहेर काढायची गरज नसते. हे सगळं ठरवायला वेळ मिळावा म्हणून भेट द्यायला पिल्लाऐवजी रिकामी टोपली आणि एक चिठ्ठी पुरते: सुट्टी संपली की आपण सगळे मिळून निवडायला जाऊ.

आणि हे वाचेपर्यंत पिल्लू घरात आलंच असेल, तर गळ्यातली रिबीन आधी काढा. एक खोली त्याची. आधीच्या जागी जे खात होतं तेच काही दिवस चालू ठेवा. दिवसभर काहीच खाल्लं नाही तर वाट न बघता डॉक्टरकडे न्या. पलंगाखाली जाऊन बसलं तर ओढून काढू नका. मुलाला तिथेच जमिनीवर बसवा, पिल्लाकडे न बघता गोष्टीचं पुस्तक मोठ्याने वाचायला सांगा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, कधी आठवड्याने, ते स्वतः बाहेर येतं आणि पुस्तकाचा कोपरा हुंगतं.