‘जास्त वॅट, जास्त चॅनल’: रिसीव्हरबद्दलच्या फिरत्या सल्ल्याचा प्रतिवाद

कमी बजेटमध्ये होम थिएटर उभं करणाऱ्यांसाठी एक सल्ला व्हॉट्सअ‍ॅपवर आणि व्हिडिओंखाली सर्रास फिरतो. त्याचा सारांश असा: रिसीव्हर (टीव्ही-प्लेअरचा आवाज घेऊन सगळ्या स्पीकरना पुरवणारा अ‍ॅम्प्लिफायर) जास्तीत जास्त वॅटचा घ्या, ७.२ चॅनलच्या (सात स्पीकर आणि खोल आवाजाचे दोन सबवूफर) खाली उतरू नका, एचडीएमआय २.१ (चित्र-आवाज एकाच केबलने नेणाऱ्या जोडणीची आवृत्ती) नसेल तर हात लावू नका, माइक लावून करायचं सेटिंग म्हणजे चोचले, सेकंडहँड तर मुळीच नको, आणि एवढं करून जे पैसे उरतील त्यात स्पीकर बसवा. या सल्ल्यावर चाललं की बजेटचा मोठा हिस्सा अशा ठिकाणी जातो जिथे कानाला काहीच फरक कळत नाही. म्हणून एकेक मुद्दा तपासायला हवा.

‘वॅट जितके जास्त तितका आवाज दमदार.’ आधी तो आकडा कसा मोजलाय ते बघा. यामाहाचं आरएक्स-व्ही३८५ हे ५.१ मॉडेल घ्या. दोन चॅनल चालू, २० हर्ट्‌झ ते २० किलोहर्ट्‌झ आणि ०.०९ टक्के डिस्टॉर्शन (आवाजातली विकृती) या अटींवर ते ७० वॅट देतं. एकच चॅनल, फक्त १ किलोहर्ट्‌झचा सूर आणि डिस्टॉर्शन १० टक्क्यांपर्यंत जाऊ दिलं की तेच यंत्र १३५ वॅटचं होतं. दोन्ही आकडे ६ ओहम रोधाच्या स्पीकरवरचे आणि दोन्ही कंपनीनेच दिलेले. दुकानात मोठा आकडा सांगतात. तुलना मात्र पहिल्या पद्धतीच्या आकड्यांचीच करायची. पाचही चॅनल एकदम जोरात चालले की सगळ्यांना एकाच वीजपुरवठ्यातून वाटून घ्यावं लागतं, त्यामुळे ७० सुद्धा खाली येतात. पीएमपीओला (जाहिरातीतला क्षणिक कमाल वॅटचा आकडा) तर मोजणीचं मानकच नाही, तो आकडा वाचूच नका.

आता लागतात किती? ८८ डेसिबल सेन्सिटिव्हिटीचा स्पीकर १ वॅटवर, १ मीटर अंतरावर ८८ डेसिबल देतो. तीन मीटरवरच्या सोफ्यापर्यंत त्यातले साधारण ८० उरतात. १० वॅटला ९०, १०० वॅटला १००. फ्लॅटच्या हॉलमध्ये, शेजारी राहत असताना, स्फोटाच्या प्रसंगातही ९० डेसिबल भरपूर झाले. म्हणजे बहुतेक वेळ काम चालतं ते दहा वॅटच्या आतच. वॅट दुप्पट केले तरी वाढतात फक्त ३ डेसिबल. ७० ऐवजी १०० वॅटचा रिसीव्हर घेतलात तर जेमतेम दीड. उलट ८५ ऐवजी ९१ डेसिबलचा स्पीकर निवडला तर तेवढाच आवाज पाव वॅटेजमध्ये निघतो. ताकद हवी असेल तर ती तिथे शोधा.

‘७.२ च्या खाली नको.’ आपल्याकडच्या बहुतेक हॉलमध्ये सोफा मागच्या भिंतीला टेकलेला असतो. सहावा-सातवा स्पीकर डोक्यामागे हवा, आणि तिथे भिंत आहे. ‘.२’ चं म्हणाल तर स्वस्त रिसीव्हरमध्ये सबवूफरच्या दोन्ही जोडण्यांतून बहुधा एकच सिग्नल येतो. साध्या वाय-केबलनेही तेच होतं. सात अ‍ॅम्प्लिफायरचा खरा उपयोग ५.१.२ अ‍ॅटमॉससाठी, म्हणजे वरून आवाज आणणारे आणखी दोन स्पीकर लावायला. पीओपी करताना छतात वायर टाकून ठेवली असेल तर जरूर घ्या. छताकडे तोंड करून ठेवायच्या स्पीकरवर भिस्त ठेवत असाल तर छत सपाट आणि कठीण हवं. खाचाखोचांच्या पीओपीवर आवाज आपटून विस्कटतो.

‘एचडीएमआय २.१ नसेल तर पैसे पाण्यात.’ २.१ लागतं ते ४के चित्र सेकंदाला १२० फ्रेमने पाठवायला, म्हणजे प्लेस्टेशन ५ किंवा एक्सबॉक्स सिरीज एक्सवर खेळणाऱ्यांना. त्यांनीही कन्सोल थेट टीव्हीला जोडावा आणि आवाज आर्कवरून (टीव्हीचा आवाज एचडीएमआय केबलनेच मागे आणणारी सोय) रिसीव्हरला आणावा. चित्र रिसीव्हरमधून फिरवायची गरजच नाही. २०२० च्या सुमारास निघालेल्या काही २.१ रिसीव्हरमध्ये तर एका सदोष चिपमुळे एक्सबॉक्सचं हेच १२० फ्रेमचं चित्र काळं पडत होतं. बाकीच्यांना एचडीएमआय २.० पुरतं: १८ गिगाबिट, ४के, ६० फ्रेम, एचडीआर. सोबत एचडीसीपी २.२ (४के चित्राचं कॉपी-संरक्षण) आहे एवढं मात्र नक्की बघा.

ओटीटीवरचा अ‍ॅटमॉस डॉल्बी डिजिटल प्लसमध्ये (दाबून लहान केलेल्या आवाजाचा प्रकार) येतो आणि तो साध्या आर्कवरून जातो. ई-आर्क (आर्कची जास्त क्षमतेची आवृत्ती) हवा तो टीव्हीला जोडलेल्या ब्लू-रे प्लेअरचा ट्रूएचडी (दर्जा न घटवलेला डॉल्बी) किंवा कन्सोलचा मल्टिचॅनल पीसीएम (न दाबलेला आवाज) मागे आणायला. साध्या आर्कवर कन्सोलच्या सेटिंगमध्ये आवाज डॉल्बीवर टाका, नाहीतर पाच स्पीकर असून दोनच वाजतात. टीव्हीचंही तसंच: डिजिटल आउटपुट ‘पीसीएम’वर राहिलं तर रिसीव्हरला स्टिरिओच मिळतो. ते ‘ऑटो’, ‘बिटस्ट्रीम’ किंवा ‘पासथ्रू’ करा आणि सिनेमा चालू करून रिसीव्हरच्या डिस्प्लेवर डॉल्बीचं नाव उमटतंय का बघा. ‘रिसीव्हर खराब निघाला’ या तक्रारींपैकी कितीतरी इथेच मिटतात.

‘माइकचं सेटिंग म्हणजे चोचले.’ सगळ्या सल्ल्यात हा मुद्दा सर्वांत जास्त नुकसान करणारा आहे. माइक प्रत्येक स्पीकरचं अंतर आणि पातळी मोजतो, खोलीमुळे आलेला बिघाड काही प्रमाणात सुधारतो, आणि स्वस्त स्पीकरला याचा फायदा महागड्यांपेक्षा जास्त होतो. फक्त नीट करा. पंखा आणि एसी बंद. माइक ट्रायपॉडवर, बसल्यावर कान येतो त्या उंचीला. सोफ्याच्या पाठीवर टेकवून नाही, कारण कापडाजवळचं मोजमाप वेगळं येतं. पहिली जागा मधल्या माणसाची, कारण अंतर आणि पातळी तिथूनच ठरतात. सबवूफरचा व्हॉल्यूम निम्म्यावर, त्याचं क्रॉसओव्हर बटण (तो किती वरच्या सुरापर्यंत वाजेल ते ठरवणारं) शेवटपर्यंत किंवा ‘एलएफई’वर.

मोजणी झाल्यावर काम संपत नाही. रिसीव्हर पुष्कळदा लहान स्पीकरनाही ‘लार्ज’, म्हणजे खोल आवाजही पेलणारे, ठरवतो. ते सगळे ‘स्मॉल’ करा आणि क्रॉसओव्हर ८० हर्ट्‌झवर आणा. मग खालचा भार सबवूफरवर जातो आणि अ‍ॅम्प्लिफायर मोकळा होतो. सबवूफरचं अंतर प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवलं तर दुरुस्त करू नका, सबवूफरच्या सर्किटमधला उशीर त्यात धरलेला असतो. संवाद दबत असतील तर सेंटर २ डेसिबलने वाढवा. काही सर्वांत स्वस्त मॉडेलांत माइक नसतोच. तिथे टेपने अंतरं मोजून भरा आणि फोनवरच्या डेसिबल अ‍ॅपने टेस्ट टोनची (रिसीव्हरमधल्या चाचणीच्या आवाजाची) पातळी सगळ्या स्पीकरची सारखी करा. अ‍ॅपचा आकडा अचूक नसला तरी एकमेकांशी तुलना पुरेशी होते.

‘सेकंडहँड नको.’ घ्यावा, पण तपासून. स्वतःची स्ट्रीमिंग स्टिक नेऊन प्रत्येक एचडीएमआय पोर्टवर ४के चित्र बघा, टेस्ट टोनने प्रत्येक चॅनल ऐका, तासभर वाजवून मध्येच बंद पडतो का बघा. मूळ माइक सोबत मागून घ्या. दुसऱ्या कंपनीचा चालत नाही. एचडीसीपी २.२ नसलेला जुना रिसीव्हर चांगला आणि स्वस्त मिळाला तर स्टिक टीव्हीला जोडून ऑप्टिकल केबलने आवाज आणता येतो: डॉल्बी डिजिटल ५.१ मिळतो, अ‍ॅटमॉस नाही. खरा धोका वेगळाच आहे. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी आणलेला रिसीव्हर बहुधा फक्त १२० व्होल्टचा असतो. मागची पट्टी न वाचता २३० वर लावला तर फ्यूज जातो, नशीब वाईट असेल तर ट्रान्सफॉर्मरही. त्याला स्टेपडाउन (व्होल्ट उतरवणारा ट्रान्सफॉर्मर) लागतो, पट्टीवरच्या वॅटेजच्या दुप्पट क्षमतेचा. ट्रॅव्हल अडॅप्टर फक्त पिन बदलतो, व्होल्ट नाही.

राहिला शेवटचा मुद्दा, ‘उरलेल्या पैशांत स्पीकर’. हे उलटं करा. ८० हजार असतील तर रिसीव्हरला २५–२७, पुढच्या तीन स्पीकरना ३० च्या आसपास, सबवूफरला १५–१७, बाकी मागची जोडी आणि वायर. पैसे कमी पडले तर मागची जोडी पुढच्या वर्षी घ्या, पण सेंटरवर काटकसर नको. सिनेमातले बहुतेक संवाद तिथूनच येतात. एकाच खोक्यात मिळणाऱ्या जुन्या होम थिएटर सेटचे स्पीकर लावून पैसे वाचवायचा मोहही टाळा. त्यातले बरेच ३ ओहमचे असतात, आणि किमान ६ ओहम मागणारा रिसीव्हर त्यांच्यावर तापून प्रोटेक्शनमध्ये जातो, म्हणजे स्वतःला वाचवायला बंद पडतो. त्यांचा सबवूफर तर बहुधा स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर नसलेला असतो. रिसीव्हरच्या सबवूफर जोडणीतून फक्त लाइन सिग्नल (अ‍ॅम्प्लिफाय न केलेला, क्षीण) निघतो, त्यावर तो वाजणारच नाही. वायर १.५ चौरस मिलिमीटरची, शुद्ध तांब्याची घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर दिसायला तशीच असते, म्हणून टोक खरवडून बघा: आत पांढरट चमक दिसली तर परत करा.